कॅटकॉन (गाडीचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) विकण्याआधी तो मेला कशाने ते शोधणारं गॅरेज (फोंडा)

पाचपैकी पाच स्टार देतोय आणि जरा सविस्तर लिहितोय, कारण माझ्यासारखी १०-१२ वर्षं जुनी पेट्रोल गाडी असलेले फोंडा, माशेल, डिचोली भागात भरपूर लोक आहेत आणि चेक इंजिनचा दिवा लागला की काय करायचं हे कोणी धड सांगत नाही. मी स्वतः जवळजवळ पाच महिने आणि दहाएक हजार रुपये फुकट घालवले या गॅरेजला पोचेपर्यंत.

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किमी झालेली, आरसीवर बीएस ४ (भारत स्टेज ४, प्रदूषणाचा निकष). कंपनीचं नाव मुद्दामच देत नाहीये कारण दोष गाडीचा नाहीच, उलट एवढी वर्षं तो कन्व्हर्टर टिकला हेच खूप झालं.

सुरुवात झाली ती चोर्ला घाटात. बायकोचं माहेर बेळगाव, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी साखळीहून वर चढणं होतंच. जानेवारीत जाताना लक्षात आलं की गाडी ३ हजार आरपीएमच्या वर जायलाच तयार नाही, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी नुसता आवाज वाढतो आणि गाडी तिथेच, मागून लोकांचे हॉर्न, सेकंडमध्ये टाकून कसाबसा वर पोचलो. आधी एका लिटरला १६ किमी द्यायची ती ११ वर आली होती. सकाळी थंड गाडी स्टार्ट केली की पुढून खालून खुळखुळा वाजवल्यासारखा आवाज यायचा आणि सिग्नलला काच खाली केली की कुजक्या अंड्याचा वास, आई मागे बसली की नाकाला पदर लावायची. तिला दम्याचा त्रास आहे, हे का सांगतोय ते पुढे कळेल.

मग दिवा लागला. पहिल्या गॅरेजात (नाव घेत नाही) स्कॅनर लावला, पी०४२० असा कोड आला (म्हणजे कॅटकॉन नीट काम करत नाहीये), म्हणाले ऑक्सिजन सेन्सर गेलाय. मागचा, म्हणजे कॅटकॉनच्या नंतरचा सेन्सर बदलला, ४,२०० रुपये. दिवा पुसून दिला, आठव्या दिवशी परत लागला. परत गेलो तर थ्रॉटल बॉडी साफ केली, वर एक बाटली दिली पेट्रोलमध्ये ओतायची कॅट क्लीनर म्हणून. तीही ओतली. काही फरक नाही. मग म्हणाले क्लच प्लेट घासली असेल म्हणून ओढत नाही! दुसऱ्या ठिकाणी दाखवली तर त्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं, कॅट चोक झालाय, फोडून आतलं सगळं काढून पोकळ करतो, दीड हजार द्या, गाडी पळेल बघा विमानासारखी. आणि दिवा नको असेल तर मागच्या सेन्सरला एक स्पेसर लावून देतो म्हणजे ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) कळणार नाही.

खरं सांगतो, दीड हजार ऐकून मी पाच मिनिटं विचार केला. पण हा डबा काय करतो ते तरी बघू म्हणून घरी येऊन रात्रभर वाचत बसलो. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियमचा पातळ लेप, आणि इंजिनमधून निघालेला कार्बन मोनॉक्साईड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साईड तिथून जाताना बदलून बराचसा कार्बन डायऑक्साईड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. तो पोकळ केला म्हणजे हे सगळं जसंच्या तसं मागच्या पाईपातून बाहेर. आमची गाडी घराच्या पोर्चमध्ये लागते, तिथेच आईच्या खोलीची खिडकी. मी त्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. आणि ज्यांना वाटतं की जुन्या गाडीत काय एवढं, त्यांनी हेही लक्षात घ्या की पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० पर्यंत जातो आणि माझ्या गाडीला २०२८ मध्ये १५ वर्षं होतात तेव्हा आरसी रिन्यू करायला गाडी दाखवावीच लागेल.

तर हे गॅरेज. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की फर्मागुढीच्या अलीकडे आत एक मेस्त (मेकॅनिक) आहेत, एक्झॉस्ट आणि इलेक्ट्रिकल दोन्ही बघतात, त्यांच्याकडे ने. बाहेरून बघाल तर पत्र्याची शेड, दोन गाड्या आत आणि तीन बाहेर फणसाच्या झाडाखाली. मेस्त साठीच्या आसपासचे, सोबत त्यांचा मुलगा आणि एक हेल्पर. मी गेल्या गेल्या म्हटलं कॅटकॉन बदलायचाय, कितीला पडेल. मेस्त गाडीच्या चाव्या घेत शांतपणे म्हणाले, "पयलीं कारण सोदूंया, मागीर कॅट." आधी कारण शोधू, नंतर कॅट. त्या एका वाक्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय म्हटलं तरी चालेल.

दुसरं म्हणजे त्यांनी मला बाहेर बसवलं नाही, शेजारी उभं राहून बघू दिलं आणि जे करत होते ते सांगत होते. आधी स्कॅनर. पी०४२० होताच, पण जुन्या साठवलेल्या कोडमध्ये पी०३०२ पण होता, म्हणजे दोन नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. पहिल्या गॅरेजच्या स्कॅनरवर पण हा दिसलाच असणार, कुणी वाचलाच नाही. मग गाडी गरम करून दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे ग्राफ स्क्रीनवर लावले. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे भराभर वरखाली होत राहतो, तो तसाच व्हायला हवा. नंतरचा जो आहे तो कन्व्हर्टर चांगला असेल तर ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ रेषेत राहतो. माझ्या गाडीत मागचा पुढच्याची नक्कल करत होता, तसाच नाचत होता. मेस्त म्हणाले बघ, हा सेन्सर बिचारा खरं बोलतोय आणि तू त्यालाच बदललास.

इथेच दुसरा कोणी असता तर म्हणाला असता झालं, कॅट गेला. यांनी आधी हेल्परला सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं धरायला लावलं आणि सगळ्या जॉइंटवर हात फिरवून, साबणाचं पाणी मारून लीक आहे का बघितलं, कारण मागच्या सेन्सरच्या आधी कुठे बारीक भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर चुकीचं दाखवतो, नवा कॅट लावूनही कोड तसाच राहतो. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि त्यात खारी हवा, एक्झॉस्टचे पाईप गंजून भोकं पडणं काय नवीन नाही. माझ्याकडे लीक नव्हता.

त्यानंतरची टेस्ट मला सगळ्यात आवडली. पुढचा ऑक्सिजन सेन्सर खोलून त्याच्या जागी एक प्रेशर गेज लावला. इंजिन आयडलवर असताना दाब दीड पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आत आणि अडीच हजार आरपीएमवर साधारण तीनच्या आत असायला हवा असं त्यांनी सांगितलं. माझ्या गाडीचा काटा अडीच हजारावर सातपर्यंत गेला. म्हणजे इंजिनने सोडलेला धूर बाहेर पडतच नव्हता, मग नवीन हवा आत कशी येणार, म्हणून घाटात गाडी मेल्यासारखी. आता गंमत बघा, एवढ्यावर पण ते थांबले नाहीत, तोच गेज काढून मागच्या सेन्सरच्या भोकात लावला. तिथे काटा अर्ध्या पीएसआयच्या वर गेला नाही. म्हणजे अडथळा त्या दोन भोकांच्या मधे, कन्व्हर्टरमध्येच आहे, सायलेन्सर मोकळा आहे. मी इंजिनिअर नाही, बँकेत नोकरी करतो, पण दोन जागी एकच गेज लावून एवढं स्वच्छ उत्तर मिळतं हे बघून मला फार बरं वाटलं. पाच महिने जो तो नुसता अंदाज सांगत होता.

मग प्रश्न राहिला तो मेला कशाने. कॅटकॉन आपणहून सहसा मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं असं मेस्त म्हणतात. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस लेपावर बसतो, हेड गॅसकेट गेली असेल तर कूलंट आत जातो, आणि मिसफायर असेल तर न जळलेलं पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि जाळी वितळते. ऑइल लेव्हल बघितली, डिपस्टिकवर व्यवस्थित होतं, कूलंट पण जागच्या जागी. राहिला मिसफायर. मुलाने दोन नंबरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) काढून तीन नंबरवर लावली, तीनची दोनवर, कोड पुसले आणि मला म्हणाला चला फिरून येऊ. मंगेशीपर्यंत जाऊन आलो, गाडी चांगली गरम झाल्यावर परतताना मला हलकासा झटका जाणवला आणि स्क्रीनवर पी०३०३ आला. कॉइलबरोबर दोष पण दोनवरून तीनवर गेला, म्हणजे कॉइलच. ऑफिसमध्ये सगळे मला सांगत होते की ई-२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे होतंय, त्यावर मी वाद घालत नाही, पण माझ्या गाडीत काय झालं त्याचं उत्तर त्या एका अदलाबदलीने मिळालं.

आणि मला तेव्हा आठवलं, गेल्या पावसात बाणस्तारीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये उभा असताना हाच दिवा लुकलुकत होता, नुसता लागलेला नाही, लुकलुकत होता, दोन-तीनदा तसं झालं आणि मग बंद झाला. मी समजलो ओल लागली असेल. हे सगळ्यांनी नीट वाचा प्लीज: चेक इंजिनचा दिवा सलग पेटला असेल तर एक-दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं, पण लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ या क्षणी मिसफायर होतोय आणि कन्व्हर्टर जळतोय, पाय काढा, हळू चालवा, जमलं तर बाजूला घेऊन उभीच करा. दोन हजाराच्या कॉइलने माझा सत्तावीस हजाराचा पार्ट खाल्ला, आणि मला तो दिवा वाचता आला असता तर हे झालंच नसतं याचं अजून वाईट वाटतं.

पार्टबद्दल. मेस्तांनी तीन पर्याय समोर ठेवले. एक, स्क्रॅपमधून काढलेला जुना, तो ते स्वतः लावत नाहीत कारण त्याच्यात किती जीव उरलाय ते बाहेरून कळत नाही. दोन, बाजारातला स्वस्त, आठ-नऊ हजाराचा, त्यात तो महागडा लेप फार कमी असतो आणि त्यांच्याकडे अशा गाड्या सहा-आठ महिन्यांत तोच कोड घेऊन परत आल्यात. तीन, कंपनीचा ओरिजिनल. माझ्या गाडीत कन्व्हर्टर एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच जोडलेला, त्यामुळे पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागते. मी दोन रात्री हिशोब केला. गाडीची आज बाजारात किंमत अडीच लाखाच्या आसपास, त्यात एवढा खर्च करावा का. पण बॉडी चांगली, इंजिन चांगलं, अजून तीन-चार वर्षं तरी वापरायची आहे, म्हणून ओरिजिनल घेतला.

बिल असं झालं: कॅटकॉन असेंब्ली २७,४००, गॅसकेट ६२०, कॉइल १,९५०, चार प्लग ९६०, स्टड-नट ३५०, तपासणीचे ८०० आणि मजुरी ३,२००, एकूण ३५,२८० रुपये. तपासणीचे ८०० वेगळे घेतात हे काहींना खटकेल, मला अजिबात नाही खटकलं, कारण तेच ८०० मी पहिल्या दिवशी इथे दिले असते तर आधीचे दहा हजार वाचले असते.

काढताना त्रास झाला. बारा पावसाळे खाल्लेले नट, आदल्या दिवशी संध्याकाळीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता, सकाळी परत मारला, गरम करून सोडवले, तरी एक स्टड (ज्यावर नट बसतो तो दांडा) इंजिनच्या हेडमध्येच तुटला. मला फोटो पाठवला आणि फोन करून सांगितलं की उद्या दुपार होईल. तुटलेल्या तुकड्याला वरून नट वेल्ड करून तो फिरवून काढला, हेड काढायची वेळ आली नाही, आणि त्याचे जास्तीचे पैसे मागितले नाहीत. फक्त एवढंच वाटतं की जुन्या गाडीत स्टड तुटू शकतो हे आधीच सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवसाची रजा टाकून ठेवली असती. तेवढे दोन दिवस कदंबा बसने पणजीला गेलो.

जुना पार्ट मला हातात दिला, हे महत्त्वाचं. त्यातल्या धातूंमुळे भंगारात पण त्याला चांगला भाव मिळतो आणि बऱ्याच ठिकाणी जुना कॅट गुपचूप ठेवून घेतात, गिऱ्हाइकाला पत्ताच नसतो. यांनी टॉर्च मारून आत दाखवलं. एका बाजूची जाळी जशीच्या तशी, एकेक चौकोन दिसतो, आणि दुसऱ्या बाजूला मेणबत्ती वितळून साचल्यासारखा गोळा, मधे दोन तुकडे सुटे पडलेले, हलवलं की खुळखुळ. तोच तो सकाळचा आवाज. बाटलीतलं क्लीनर याला काय करणार होतं सांगा. मेस्त म्हणाले त्यांनी धंदा सुरू केला तेव्हा गोव्यात असले डबे बघायलाच मिळत नसत, १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ते सक्तीचे झाले, त्यासाठीच शिसं नसलेलं पेट्रोल आणावं लागलं कारण शिसं लेपावर बसलं की डबा गेलाच, आणि २००० मध्ये देशभर शिसंवालं पेट्रोल बंद झालं. तेव्हापासून किती वितळलेले डबे बघितले याचा हिशोब नाही म्हणाले, आणि बहुतेक वेळा मागे एखादी कॉइल नाहीतर प्लगच निघतो.

नवीन लावल्यावर गेज परत लावून दाखवला, अडीच हजारावर काटा एकच्या खाली. मागच्या सेन्सरची रेघ सरळ. फर्मागुढीचा चढ थर्डमध्ये मुलाने आणि मी दोघांनी चालवून बघितला. मग सरळ पीयूसीला गेलो. आधी जिथे आयडलवर कार्बन मोनॉक्साईड १.१ टक्के येऊन फेल झालेली (बीएस ४ ला मर्यादा ०.३ आहे) तिथे आता ०.०४ आला, आणि हायड्रोकार्बन ३८ पीपीएम, मर्यादा २००. ती पावती मी आईला दाखवली, तिला आकडे कळले नाहीत पण आता वास येत नाही म्हणाली.

त्यानंतर ४ हजार किमी झाले, दोनदा बेळगाव करून आलो, ॲव्हरेज १५.५ च्या खाली गेलेलं नाही, दिवा नाही. महिन्याने मी न सांगता मेस्तांच्या मुलाचा फोन आला, या एकदा, फुकटात स्कॅन करून बघतो. गेलो, सगळं क्लीन. पार्टला एक वर्षाची वॉरंटी आहे पण मिसफायर चालू ठेवून गाडी चालवली तर ती मिळत नाही, ते बिलावरच लिहून देतात, वाचून घ्या.

काही गोष्टी जमेच्या नाहीत त्या पण सांगतो. पार्ट यायला नऊ दिवस लागले, सहा सांगितले होते. बसायला धड जागा नाही, एक बाकडं आहे आणि पावसात तिथे थेंब पडतात, वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नका. रस्ता अरुंद, मोठी गाडी असेल तर वळवताना बघून. कार्ड चालत नाही, यूपीआय किंवा कॅश. घाईत असाल तर इथे जाऊ नका, मेस्त एका वेळी दोनच गाड्या हातात घेतात आणि मधेच कोणाची तिसरी घुसवत नाहीत, माझ्यासमोर एकाला चार दिवसांनी या म्हणून परत पाठवला. चवथीला (गणेश चतुर्थीला) आठवडाभर शटर बंद असतं. आणि दुपारी १ ते साडेतीन फोन करू नका, उचलत नाहीत, चारनंतर केला की लगेच उचलतात.